कोरडी ठणठणीत होडी

२०१४ साली ऑकलंडच्या मनुरेवा उपनगरातल्या आमच्या गॅरेजमध्ये मी चक्क एक होडी बांधली. साधीसुधी नव्हे, जुन्या नॉर्स, म्हणजे व्हायकिंगांच्या पद्धतीची वल्ह्यांची होडी: दोन्ही टोकं डौलात वर उचललेली, फळीच्या कडेवर फळीची कड चढवून तांब्याच्या खिळ्यांनी जोडलेली. पुण्यात वाढलेल्या आणि पेनरोजच्या ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसणाऱ्या माणसाला समुद्राची हाक कशी येते, हे विचारू नका. येते.

बायकोला त्याच गॅरेजमध्ये मुलांचा मराठी वर्ग काढायचा होता. शेवटी तिनेच तह केला. "तरंगली तर गॅरेज तुझं. बुडाली तर माझं."

ऑकलंडचा हिवाळा म्हणजे ओल. कपाटातल्या कमरेच्या पट्ट्यालाही बुरशी येते. माझ्या होडीला ओल बाधू नये म्हणून मी गॅरेजमध्ये हवेतली ओल शोषणारा डीह्युमिडिफायर आणला आणि हिवाळाभर घरघरत ठेवला. लाकूड कसं पापडासारखं कडकडीत! बायको, माहेर अलिबागचं, दारात उभी राही, मशीनकडे बघे, होडीकडे बघे आणि "छान सुकतेय हं," म्हणून पोळ्या करायला जाई. मला वाटे, कौतुक चाललंय.

उन्हाळ्यात खाडीवर सगळा मराठी गोतावळा जमला. मी हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला (बाजूच्या दगडावर, इतका काही वेडा नाही मी), जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, काढून होडीत बसलो. कुत्रा फिरवणाऱ्या एका गोऱ्या आजोबांनी "स्वीट ॲज!" अशी, म्हणजे इथल्या बोलीत 'एकदम झकास' अशी, दादही दिली. आणि मग एकूण एक सांध्यातून, अत्यंत नम्रपणे, पाणी आत येऊ लागलं. मी वल्हवत राहिलो. होडी खाली जात राहिली. पाणी कमरेला लागलं तेव्हा किनाऱ्यावर कुणीतरी हात जोडले, "गणपती बाप्पा मोरया!"

"पुढच्या वर्षी लवकर या!" बाकीचे तयारच होते.

बायको साडी खोचून पाण्यात आली.

"राहू दे दोन दिवस अशीच बुडालेली. लाकूड फुगलं की सांधे मिटतात. आमच्याकडे असंच करतात."

"तुला माहीत होतं?"

"तू विचारलंस कुठे?"

दोन दिवसांनी पाणी उपसलं तर होडी बदकासारखी तरंगली. मी वल्हं तलवारीसारखं उंचावलं. "तरंगली! गॅरेज माझं!"

"तुझंच रे," ती गोड हसली. "पण होडी आत ठेवलीस की परत वाळेल."

तेव्हापासून होडी खाडीतच असते. आणि माझ्या मालकीच्या गॅरेजमध्ये दर रविवारी मुलं पाटीवर 'होडी' गिरवतात आणि मला विचारतात, "अंकल, व्हेअर इज इट?"