भिकाजीकाकांची नवी बंदूक

माझ्या घरासमोरच्या व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या पलीकडे भिकाजीकाका आज दुपारपासून नव्या बंदुकीचा नेम बसवताहेत. रानडुकरांनी भात उकरायला सुरुवात केल्यावर त्यांनी ही ठासणीची बंदूक घेतली. दारू किती भरायची, याचं प्रत्येक बंदुकीचं माप निराळं असतं. ते दारू मोजतात, गोळी गजाने ठासतात आणि फणसाला टांगलेल्या पुठ्ठ्यावर बार काढतात. धुरात काहीच दिसत नाही. मग गुडघे सांभाळत ते पुठ्ठ्यापर्यंत जातात, भोक शोधतात आणि परत येतात.

जुन्या बंदुकीच्या वेळी काकी बांधाआडून ओरडून सांगायची, "खाली गेली!" काकी चैत्रात गेली.

माझ्याही घरात हल्ली दिवसभर कुणाची हाक येत नाही. माणूस एकटा पडला की आपलं काय चुकलं, काय साधलं, हेही त्याला स्वतःच चालत जाऊन बघावं लागतं.

मी व्हाळावरच्या लाकडी साकवावरून पलीकडे गेले. "काका, मी सांगू का कुठे लागली ते?"

त्यांनी पुठ्ठ्याजवळच्या बांधाकडे बोट दाखवलं. "रव थंय बांधाआड. पण मोठ्यान सांग."

पहिली गोळी खाली गेली. त्यांनी दारू जराशी वाढवली. पुढचा बार झाला आणि धूर विरल्यावर मी ओरडले, "मधोमध, काका!"

त्यांनी पुन्हा दारू मोजायला घेतली. माप तर सापडलं होतं.

"थांब गो," ते म्हणाले, "आणखी एक भरतंय."