पेशीवाले साहेब

लॅबमध्ये नोकरी केली की किस्से जमतातच, सडक्या केळ्यावर माशा जमतात तसे! एक हाकलला की दोन येऊन बसतात. पण आज पैज लावतो. याचा शेवट ओळखून दाखवा. ओळखलात तर माझ्या विहिरीचं पाणी जन्मभर फुकट! विहीर माझी एकट्याची आहे. ती कशी झाली, तेच सांगतोय.

*

मी बिदरजवळच्या भालकीकडचा. शाळा दुसरीपर्यंत. बंगळूरला आलो अन् लिमयेसाहेबांपुढं उभा राहिलो. साहेब पुण्याचे, मोठे सायंटिस्ट. चष्म्यावरून बघत म्हणले, "आमचं काम पेशींचं. पेशी म्हणजे काय, ठाऊक आहे?"

मी म्हणलं, "साहेब, सात वर्षं भोगतोय, मला काय विचारता!"

आमच्याकडं पेशी म्हणजे कोर्टाची तारीख. थोरल्या भावाशी, दादाशी, विहिरीवरून केस चालू होती माझी. मला काय ठाऊक, ह्यांची पेशी म्हणजे अंगातला बारीक कण!

"पेशींवर ताण येतो, हे कळतं का तुला?"

"आदल्या दिवशी भाकर गिळत नाही, साहेब!"

"आणि म्हातारपण?"

"ते तर पेशीनंच येतं की!"

साहेब खुर्चीतून उठलेच. "अरे, हाच तर माझा सिद्धांत!"

नोकरी पक्की!

*

काम काय, तर बाटलीतल्या बारक्या माशांना केळी कुस्करून घालायची. साहेब त्यांना तापवायचे, गारठवायचे, उपाशी ठेवायचे. मग चिरून मायक्रोस्कोपखाली पेशी बघायचे. ताण पडला की माशी लवकर म्हातारी होते का, एवढंच बघायला चार कपाटं बाटल्या!

स्टोअरचा बसप्पा म्हणायचा, "अण्णा, माशी स्वल्प जास्त जगली, तर कुणाच्या पानात काय पडणार?"

एकदा बाईसाहेब डबा घेऊन लॅबात आल्या. तीन वाजून गेलेले. साहेब मायक्रोस्कोपवरचा डोळा न काढता म्हणाले, "थांब, उपाशी माशी किती ताण सोसते ते बघतोय."

बाईसाहेब म्हणाल्या, "त्याला माशी कशाला? तुमच्यासाठी रोज मी थांबतेच की जेवायची!"

*

नोकरी लागून महिना झाला. मी म्हणलं, "साहेब, उद्या सुट्टी पाहिजे, पेशी आहे."

"इथं लाखो आहेत, तुला आणखी कुठं बघायची?"

"हायकोर्टात."

तेव्हा साहेबांच्या डोक्यात उजेड पडला! पण काढतील कसे? बाकी कुणी कुस्करलेल्या केळ्याला माशा तोंड लावत नव्हत्या!

*

बिदर म्हैसूर राज्यात गेलं, तशा आमच्या केसी पण बंगळूरला आल्या. खाली मी जिंकलेलो, इथं अपील दादाचं. तो दोन गाड्या बदलून यायचा, फडक्यात ज्वारीच्या भाकरी अन् शेंगाची चटणी घेऊन. कोर्टाच्या पायरीवर दोघं मिळून खायचो.

"खा रे धाकट्या, आत गेल्यावर तुला चोर म्हणायचंय."

"तूच खा आधी. माझा वकील लई ओरडतो, तुला ऐकायला ताकद लागंल!"

आत एकमेकांचं तोंड बघायचो नाही. बाहेर आलो की उरलेली चटणी वाटून घ्यायचो.

*

एक दिवस डायरेक्टर माशांच्या खोलीत आले. नाकाला रुमाल. म्हणाले, "लिमये, पब्लिकला याचा उपयोग काय? लेक्चर ठेवा. हॉल भरला तर खोली तुमची, नाहीतर मशीनवाल्यांना देतो."

साहेबांचं तोंड एवढंसं झालं. त्यांचं लेक्चर म्हणजे पुढं बाईसाहेब अन् मागं पंखा! तरी मल्लेश्वरमला मराठी लोकांचा हॉल घेतला. पेंटरकडून बोर्ड लिहून आणले, 'पेशींवरचा ताण व अकाली म्हातारपण'. बांधायला मला पाठवलं.

मला वाचता येत नाही धड, पण 'पेशी' एवढं ओळखतो. सगळे बोर्ड नेऊन कोर्टाच्या गेटाला बांधले!

हॉल फुल्ल! आमच्याकडचे फेटेवाले म्हातारे, काखेत कागदांची बोचकी.

साहेब म्हणले, "एका पेशीच्या दोन पेशी होतात."

"खरंय!"

"दोनाच्या चार!"

"बघा, पुण्याच्या माणसाला पण कळलं!"

"पेशी थकते, पण थांबत नाही."

पुढचा म्हातारा रडायलाच लागला. "आमची तर बापापासून थकलीय, साहेब!"

डायरेक्टरना मराठी ओ की ठो येत नव्हतं. त्यांनी बसप्पाला विचारलं, "लोक रडतायत का?"

बसप्पा म्हणाला, "सायन्स, सर!"

खोली वाचली!

*

तर त्याच हॉलात मागच्या रांगेतून एक जण उठला. बघतो तर दादा! दुसऱ्या दिवशी आमची पेशी होती, म्हणून आलेला. गेटावर बोर्ड दिसला असणार.

"साहेब, ताण काढून घेतला तर?"

"तर उरलेलं आयुष्य पेशी सुखानं काढते."

"उशीर झाला असला तरी?"

साहेबांनी चष्मा पुसला. "माझ्या माशांत तरी उशीर झालेला दिसला नाही."

मी भिंतीआड तोंड दाबून हसत होतो.

सकाळी पायरीवर दादानं फडकं सोडलं. म्हणला, "आज पोटभर खा." मग आत जाऊन वकिलाला सांगून अपील मागं घेतलं. दोन मिनिटांत विहीर माझी! बाहेर येऊन त्यानं फडकं झटकलं, घडी घातली. "चल धाकट्या. आता इथं काय काम राहिलं माझं!"

लॅबात आलो. साहेब खुशीत होते. "काय रे, कशी झाली तुझी पेशी?"

"संपली, साहेब."

"अरे वा!"

पुढच्या महिन्यात मी परत सुट्टी मागितली. साहेब म्हणले, "आता कसली पेशी?"

तरी गेलो. कोर्टाच्या त्याच पायरीवर दुपारपर्यंत बसलो. मग तसाच उपाशी लॅबात आलो अन् माशांना केळी कुस्करून घातली.