न हललेला हत्ती

खिदिरपूरच्या आमच्या शिंप्याला बुद्धिबळाचं भारी वेड. जगज्जेतेपदाची लढत लागली, की तो कापड बेतायच्या टेबलावरच पट मांडतो. गिऱ्हाइकांनी मोबाइलवर बघून सांगितलेली चाल लावण्याआधी तोंडातल्या टाचण्या काढून ठेवतो.

शेवटच्या डावात परदेशी खेळाडूने हत्ती नको तिथे नेला. आपला पोरगा जिंकला! आम्ही दुकानातच नाचलो.

"मास्टरजी, हत्ती हलवा ना," मी म्हणालो.

"थांबा. त्याला अजून विचार करू द्या."

"अहो, तो हरलासुद्धा!"

"इतकं सुंदर खेळून?" त्याने टाचण्या पुन्हा तोंडात धरल्या.

आठवडा झाला, हत्ती जुन्याच घरात आहे. माझ्या पँटचं कापडही तसंच पडलंय. काल तगादा लावायला गेलो, आणि त्या हत्तीसाठी दुसरी चाल शोधत तासभर बसलो.