डोणीवरची लाल फुली

चिंचेखाली पाला साचतो तसे आमच्या बागेत किस्से साचतात. पाला पांडूकाका रोज सकाळी झाडून काढतो, किस्से झाडणारा अजून जन्माला यायचाय! पण यंदाच्या थंडीतले किस्से सगळ्यांच्या वरचे.

मुरबाडची ही बाग काही मोठी नाही. एक चिंच, एक सिमेंटचं हरीण, चार बाकडी आणि मधोमध जनावरांना पाणी पाजायची लांबलचक दगडी डोणी. बाग व्हायच्या आधी म्हसा गावच्या जत्रेला निघालेले बैल इथे थांबायचे. तेव्हा डोणी पांडूकाकाचा बाप भरायचा. पुढे बाग झाली, पांडूकाका माळी म्हणून लागला आणि डोणी भरायचं काम त्याच्याकडे आलं. सकाळी तिथे आमची बैठक असते. मी एसटीतला रिटायर्ड कंडक्टर, दुसरे मोरे गुरुजी, आणि गिऱ्हाईक नसलं की गेटसमोरच्या चहाच्या टपरीवरून वनितावहिनी येतात.

*

माझ्या नोकरीतली गोष्ट. म्हशाच्या जत्रेची जादा गाडी घेऊन आम्ही निघालो, तर कडेच्या पाण्याच्या टाकीला तोंड लावून बैलजोडी रस्त्यातच उभी. ड्रायव्हरने गाडी बंद केली आणि तंबाखू मळायला घेतली. पॅसेंजरही गप्प! जनावर पाणी पीत असताना हॉर्न मारायचा नाही, त्याला हटवायचं नाही. हे कुठल्याही नियमावलीत नाही, पण आमच्या तालुक्यातला एकही ड्रायव्हर ते मोडत नाही.

लेट झाल्याबद्दल मला खुलासा लिहायला लावला. मी खरं तेच लिहिलं, "बैल पाणी पीत होते." वरचे साहेब इथलेच. त्यांनी सही करून विचारलं, "पोटभर प्याले ना?"

*

बागेचे आताचे साहेब, नगरपंचायतीचे, मात्र बाहेरगावचे. तरुण, हुशार, आणि खरं सांगायचं तर माणूस वाईट नाही. डोणी तोडून तिथे रंगीत लाइटचं कारंजं करायचं त्यांनी ठरवलं. "बैल आता टेम्पोतून जातात. इथे येतं कोण? हरीण मात्र ठेवू, मुलं फोटो काढतात."

पांडूकाका हातातला झाडू खाली ठेवून म्हणाला, "शिमेटचा हरीण ठेवता, नि खऱ्या जनावरांचा पानी तोडता व्हय?"

 साहेबांनी हात केला आणि त्यांच्या माणसाने तोडायची खूण म्हणून डोणीवर लाल रंगाची फुली मारली.

*

दुसऱ्या दिवशी फुली गायब! पांडूकाकाने काथ्याने घासून काढली होती. साहेबांनी पुन्हा मारायला लावली, याने पुन्हा घासली. तिसऱ्यांदा ऑइलपेंट आला. तोही निघाला, पण पांडूकाकाच्या बोटांची सालटं गेली.

साहेब भडकले. "नोकरी जाईल, कळतंय का?"

"घान लागलेली साहेब. बाग साफ ठेवायची माजी ड्यूटी हाय!"

आम्ही हसलो नाही. त्याच्या रिटायरमेंटला वर्षही उरलं नव्हतं आणि साहेब थट्टा करत नव्हते.

*

मग मोरे गुरुजींनी अर्ज लिहिला. बागेचा सगळा इतिहास, मोत्यासारखं अक्षर. शेवटचं वाक्य होतं, "या जागेला पाण्याची थोर परंपरा आहे."

साहेबांनी अर्ज दोनदा वाचला आणि खुश होऊन म्हणाले, "वा गुरुजी! म्हणजे कारंज्याला हीच जागा योग्य!"

गुरुजी दोन दिवस बागेत फिरकले नाहीत.

*

पुढच्या आठवड्यात साहेबांनी डोणीचा पाइप कापायला लावला. पांडूकाका रस्त्यापलीकडच्या हापशावरून हंडे आणू लागला. एका सकाळी येऊन बघतो तर तो कंबर धरून डोणीच्या काठावर बसलेला आणि डोणी कोरडी. इतक्या वर्षांत मी ती कोरडी पाहिली नव्हती. मला फार वाईट वाटलं.

"बाप असता तर काय म्हनला असता रं," तो म्हणाला, "आनि जत्रा तं तोंडावर आली."

"यंदा कोणी चालत येईल का पण?" मी विचारलं.

"येतील."

वनितावहिनींनी टपरी तशीच टाकून चहाचं मोठं पातेलं उचललं. गुरुजींनी बादली घेतली. हर्नियाचं ऑपरेशन झालेला मी वजन उचलू शकत नव्हतो, म्हणून रस्त्यात उभा राहून गाड्या अडवत ओरडत होतो, "चला, पुढे सरका, पुढे सरका!" डोणी काठोकाठ भरली. पांडूकाकाला आम्ही हंडा उचलू दिला नाही, तो दिवसभर कोपऱ्यातच राहिला.

*

जत्रेच्या आठवड्यातच जेसीबी आला. साहेबांना जत्रेची तारीख कोणी सांगितली नव्हती, आणि त्यांनी विचारलीही नव्हती. सकाळी नऊला मशीन गेटातून आत शिरलं. पांडूकाका डोणीशेजारी उभा. हात जोडले नाहीत, आडवाही झाला नाही, नुसता रस्त्याकडे बघत राहिला. रस्ता रिकामा होता. 

ड्रायव्हर आमच्याच भागातला, धसईकडचा. त्याने बकेट वर उचललं आणि तेवढ्यात घुंगरं वाजली. डोंगराकडचा एक म्हातारा बैलजोडी घेऊन गेटातून आत आला. ना इकडे बघितलं, ना तिकडे. बैल सवयीने सरळ डोणीकडे गेले आणि त्यांनी पाण्यात तोंड घातलं.

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं.

"बंद का केलं?" साहेब ओरडले.

"पानी पितान ना साहेब," ड्रायव्हर म्हणाला आणि खाली उतरून बिडी शोधू लागला.

साहेबांनी घड्याळ बघितलं. मग म्हाताऱ्याला विचारलं, "बाबा, किती वेळ लागेल?"

म्हाताऱ्याने बैलाच्या पाठीवरून हात फिरवला. "यांचा झाला की निंघतो. पन मागं अजून येतान. म्हशाला चाललो ना आमी!"

साहेबांनी गेटाकडे पाहिलं. रस्त्याच्या वळणावर आणखी दोन जोड्या दिसत होत्या. त्यांच्या मागे धूळ उडत होती.

पांडूकाकाने कोपऱ्यातला रिकामा हंडा उचलला आणि साहेबांच्या हातात दिला. "मंग पानी कमी पडंल, साहेब. हापसा समोरच हाय."