दातांनी दाबलेलं शिसं

"तंबाखू?" डॉक्टरांनी विचारलं. माझा थोरला भाऊ म्हणाला, "न्हाय." विडी? न्हाय. कारखान्यात काम? तेही न्हाय. "मग करता काय?" "दर्यावर जातो." "म्हणजे हवा तर स्वच्छच," डॉक्टर म्हणाले. दादाच्या मूत्रपिंडात कॅन्सर निघाला होता आणि मला खुर्चीत बसवेना.

जाळ्याच्या खालच्या दोराला शिशाचे तुकडे लागतात. आमच्या रेवदंड्याच्या आळीत ते दातांनी दाबून बसवतात. जुन्या बॅटऱ्यांचं शिसं परसात चुलीवर वितळवायचं, पट्ट्या ओतायच्या, तुकडे करायचे. मग मूठभर तुकडे गालात धरायचे, दोन्ही हातांनी दोर ताणायचा आणि एकेक तुकडा त्यावर चावून घट्ट करायचा. हात दोराला गुंतलेले, म्हणून तोंड. हे काम पुरुषांचंच. शाळेत नोकरी लागेपर्यंत मीही दादाच्या शेजारी बसून केलं. किंचित गोड लागतं ते.

मी सगळं भडाभडा सांगून टाकलं. डॉक्टर म्हणाले, "याच्यामुळेच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही. पण शिशावर कॅन्सरचा संशय आहे, आणि मूत्रपिंडाला तर ते वाईटच. एक काढावं लागेल. उरलेलं जपा. हे काम करणाऱ्या सगळ्यांनीच रक्त तपासून घ्या." बाहेर आल्यावर दादा माझ्यावर खेकसला, "आळीची अब्रू काडलीस!"

ऑपरेशन झालं, एक मूत्रपिंड काढलं. मी अलिबागेत राहतो. तिथून त्याला चांगली पक्कड नेऊन दिली. रोज फोन करायचो, "पक्कड वापरतोस ना?" तो म्हणायचा, "व्हय." त्या व्हयवर माझा काडीचा विश्वास नव्हता. वर्गात शिकवताना मध्येच थांबायचो, पोरं एकमेकांकडे बघायची. शेवटी एका रविवारी न कळवताच रिक्षात बसलो.

दादा ओटीवर जाळं पसरून बसला होता. एक गाल फुगलेला. पक्कड खिडकीत, तिच्यावरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. मी त्याच्या हनुवटीखाली हात धरला. "थुंक."

त्याने तुकडे माझ्या तळहातावर टाकले आणि हसला. "एक हाय ना अजून."

माझं डोकंच फिरलं. "एकच आहे दादा! एकच!" मी इतका ओरडलो की वहिनी बाहेर आली, आम्हा दोघांकडे पाहिलं आणि डोळ्याला पदर लावून आत गेली. मला त्याचा राग आला होता आणि त्याहून जास्त भीती वाटत होती.

"हातानं जमत न्हाय रं," तो हळूच म्हणाला. "दोर सुटतो."

मी पक्कड घेऊन त्याच्यासमोर बसलो. तो दोर ताणायचा, मी तुकडा दाबायचो. माझे तुकडे वाकडे बसत होते. तुकडा ओढून घ्यायला त्याचा हात पुढे यायचा, मी देत नव्हतो.

"तू तुजं रगत तपासलंस?" त्याने एकदम विचारलं.

तपासलं नव्हतं. मी पुढचा तुकडा पकडीत धरला.

"तूबी माज्याबरोबरच चावलंयस," दादा म्हणाला. "रोज फोन करतोस, मला वाटतं आज सांगशील, उद्या सांगशील. मला झोप लागत न्हाय."