मामेसासऱ्यांनी घेतलेलं माप

सलग चौथा छरा नऊच्या घरात गेला, तेव्हा व्यंकटने खुर्ची मागे सरकवली.

"ताई, आता तरी ऐका. क्लबची बंदूक घ्यायची का न्हाई, गुरुवारी दुपारपर्यंत सांगा. नसेल घ्यायची तर मी उदगीरच्या पोरीला देतो. ती रोज फोन करून राहिली."

शिल्पाने मान डोलावली आणि पाचवा छरा भरला. तोही नऊच्या घरातच गेला. तो सोमवार होता. रविवारी नांदेडला निवड चाचणी होती.

शिल्पा माझी शेजारीण. वय छत्तीस. चाकूरजवळच्या जिल्हा परिषद शाळेत चौथीला शिकवते. दिवसभर पोरांच्या गलक्यात घसा बसवून येते आणि संध्याकाळी लातुरातल्या एका जुन्या सरकीच्या गोदामात, जिथे व्यंकट क्लब चालवतो, दोन तास एअर रायफल घेऊन एक अक्षर न बोलता उभी राहते. समोर दहा मीटरवर लक्ष्य. साठ छरे. एका छऱ्याला जास्तीत जास्त दहा पूर्णांक नऊ. राज्याच्या स्पर्धेसाठी निवड व्हायला बेरीज सहाशे दहा लागते. गेल्या वर्षी तिची सहाशे आठ पूर्णांक सात झाली होती. त्या रात्री तिने जेवताना मीठ मागितलं, तेवढंच बोलली.

मी चाळीस वर्षं नाटकांत काढली. प्रकाशात एकट्याने उभं राहणं काय असतं ते मला ठाऊक आहे, म्हणून सरावाला ती मला सोबत नेते. "बापूसाहेब, तुम्ही नुसते मागे बसा," म्हणते. मी बसतो. एवढा चांगला प्रेक्षक मी आयुष्यात कधी नव्हतो.

यंदाची चाचणी तिची शेवटची होती. नवरा शिवशंकर मुदखेडला रेल्वेत. जूनमध्ये तिची बदली तिकडे व्हायची होती, आणि तिथे ना असा क्लब, ना असं गोदाम.

आता बंदुकांचं सांगतो. क्लबची बंदूक परदेशी कारखान्यातली, खांद्याला आणि गालाला टेकणारा दस्ता अॅल्युमिनियमचा, तो अंगाप्रमाणे बसवायला जागोजागी स्क्रू. पण ती तीन मुली वापरत, म्हणून व्यंकटने सगळे स्क्रू मध्यावर आणून त्यांवर लाल रंग लावला होता. हलवायचे नाहीत. ती हातात घेतली की शिल्पाची बेरीज सहाशे सहा, सहाशे सात. कधी खाली नाही, कधी वर नाही.

दुसरी बंदूक तिची स्वतःची. नळी उत्तम, पण लाकडी दस्ता दिवाळीत तडकला. तेव्हा शिवशंकरचे मामा, मुरुडचे संगमेश्वर पांचाळ, म्हणाले, "लाकूड माझ्यावर सोड."

संगमेश्वरचा हात मी जाणतो. आमच्या कंपनीच्या साऱ्या तलवारी, सिंहासनं आणि खोट्या बंदुका त्यानेच केल्या होत्या. त्याची लाकडी बंदूक खांद्यावर आली की सैनिकाचं काम करणाऱ्या आमच्या कारकुनाची छाती दोन इंच फुगायची. त्याने दोन महिने खपून शिसवाचा दस्ता घडवला. देखणा, तुळतुळीत. आणि त्या दस्त्याने शिल्पाची बेरीज सहाशेच्याही खाली आणली.

"बापूसाहेब, मान दुखते," गाडीत ती म्हणाली. "गाल टेकवायला डोकं खाली न्यावं लागतं. दहाव्या छऱ्याला नजर धुरकटते."

"मग संगमेश्वरला सांग."

"मामांना? दोन महिने राबले ते. कसं सांगू?"

बुधवारी शाळा सुटल्यावर मी तिला जबरदस्तीने मुरुडला नेलं. संगमेश्वर अंगणात खाटेचा पाय तासत होता. शिल्पा गाडीतून उतरली ती डोक्यावर पदर घेऊनच. लांबूनच वाकून नमस्कार केला आणि खांबाशी उभी राहिली, नजर पायाच्या अंगठ्यावर.

"बसतोय का दस्ता?" संगमेश्वरने विचारलं.

"हाव मामा. चांगला बसतोय."

मी कपाळावर हात मारला. "संगमेश्वर, माप कसं घेतलं होतंस?"

"कसं म्हंजे? अशीच उभी होती, हितंच. मी लांबून बघितलं, नीलम्मानं दोरी धरली."

मामेसासऱ्याने भाचेसुनेला शिवायचं नाही, हा आमच्याकडचा जुना रिवाज. संगमेश्वरने तो पाळला होता. पाच हातांवर उभं राहून, बायकोच्या हाती दोरी देऊन, पदराखाली वाकलेल्या मानेचं माप त्याने घेतलं होतं. आणि चुकला मुळीच नव्हता. दस्ता त्या मानेला अगदी बरोबर बसत होता.

"शिल्पा," मी म्हटलं, "तू नेमबाजीला अशी उभी राहतेस का?"

ती गाडीतली पिशवी आणि रायफल घेऊन घरात गेली. बाहेर आली तेव्हा अंगात नेमबाजीचं जाड जाकीट, तशीच ताठ पँट, केस घट्ट बांधलेले. धान्य पाखडणाऱ्या नीलम्माच्या हातातलं सूप तसंच राहिलं. शिल्पा डावा खांदा पुढे करून उभी राहिली, डावं कोपर कमरेवर रोवलं, रायफल उचलली, आणि मान सरळ ठेवून समोरच्या भिंतीकडे बघितलं.

गाल आणि लाकूड यांच्यात दोन बोटं जातील एवढी फट होती.

"मामा," ती तशीच भिंतीकडे बघत म्हणाली, "न्हाई बसत. पहिल्या दिवसापासून न्हाई बसत."

संगमेश्वर उठला. तिच्या भोवती एक फेरी मारली. पेन्सिल नीलम्माकडे दिली. "गाल जितं यायला पाहिजे, तितं खूण कर."

नीलम्माने केलेली खूण वाकडी गेली. दुसरी त्याहून वाकडी. शिल्पाच्या दंडाला कंप सुटू लागला. पाच किलोचं ओझं किती वेळ धरणार?

"द्या इकडं," संगमेश्वर म्हणाला.

"अवो, मामेसासरे हायसा तुमी!"

"सुतार बी हाय."

त्याने पुढे होऊन तिचं कोपर एक अंगुळ वर उचललं, गालाशी पेन्सिल नेली आणि रेघ ओढली. नीलम्माने तोंडावर पदर धरला. शिल्पाच्या पापणीचीही हालचाल झाली नाही.

गालाखाली नवीन तुकडा बसवायचा, मुठीकडचं लाकूड उतरवायचं. "सरस वाळायला रात्र जाईल," संगमेश्वर म्हणाला. "उद्या सांजच्याला ने."

म्हणजे क्लबची मुदत संपल्यावर. दुरुस्त झालेल्या दस्त्याने एकही छरा न मारता तिला ठरवायचं होतं.

गुरुवारी दुपारी एक वाजता शाळेच्या व्हरांड्यातून तिने मला फोन केला. "व्यंकट दुसऱ्या लाइनवर आहे. काय सांगू?"

माझ्या जिभेवर दहा संवाद आले. सगळे गिळले. "मी काय सांगणार, बाई? मान तुझी आहे."

ती म्हणाली, "क्लबची बंदूक उदगीरच्या मुलीला द्यायला सांगते."

व्यंकट नंतर मला म्हणाला, "कारखान्याची बंदूक सोडून खाटा करणाऱ्याच्या भरवशावर? सहाशे सात तर कुठं गेले न्हवते तिचे!"

"सहाशे सात घेऊन ती काय करील?" मी म्हणालो. पण त्या रात्री मलाही झोप लागली नाही.

शुक्रवार, शनिवार, दोनच दिवस सरावाला मिळाले. दस्ता अंगाला लागायला तेवढे पुरत नाहीत.

रविवारी नांदेडच्या सभागृहात मी आणि संगमेश्वर मागच्या बाकावर. पहिल्या दहा छऱ्यांची बेरीज शंभर पूर्णांक चार. कमी होती. व्यंकटने माझ्याकडे असं बघितलं, जणू छरे मी मारले होते. दुसरे दहा, एकशे एक पूर्णांक सहा. मग एकशे दोन पूर्णांक एक, एकशे दोन पूर्णांक दोन, पुन्हा एकशे दोन पूर्णांक एक. व्यंकट वहीच्या पुठ्ठ्यावर बेरीज करत होता. "शेवटच्या दहात एकशे एक पूर्णांक सहा पाहिजेत," तो कुजबुजला. नऊ छरे झाले आणि त्याची पेन्सिल थांबली. "आता एकच. दहा पूर्णांक दोन पाहिजेत."

शिल्पाने रायफल उचलली. धरली. आणि न मारता खाली ठेवली.

संगमेश्वरने माझा गुडघा आवळला. "का? काय बिघडलं का?"

"गप."

घड्याळात दीड मिनिट उरलं होतं. ती श्वास घेत उभी होती. पुन्हा उचलली, गाल लाकडावर टेकला, आणि सगळं सभागृह माझ्या कानात बंद झालं. छरा सुटला. पडद्यावर आकडा आला: दहा पूर्णांक चार.

व्यंकटने दोनदा बेरीज केली. "सहाशे दहा पूर्णांक दोन," तो म्हणाला आणि वही घेऊन धावत पुढे गेला.

शिल्पा जाकिटाचे पट्टे सोडत आमच्याकडे आली. संगमेश्वरने तिचं अभिनंदनही केलं नाही. रायफल हातात घेतली, मुठीवरून अंगठा फिरवला.

"हितं लाकूड अजून अर्धं सूत जाड हाय. सोमवारी आणून दे, उतरवतो."

"न्हाई मामा," त्याच्या डोळ्यांत बघून ती म्हणाली. "राज्याची स्पर्धा होईस्तोवर रंधा लांबच ठेवायचा."

संगमेश्वरने एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं, आणि रायफल तिच्या हातात परत दिली.