स्पॅनिश बोलायला राजूरला

रविवारी सकाळी नगरला घरी निवांत चहा घेत होते, तेवढ्यात लेकाचा व्हिडिओ कॉल आला. नात शाळेत स्पॅनिश शिकतेय, म्हणून यंदा सुट्टीत ती भाषा बोलायला मिळेल अशाच ठिकाणी जायचं म्हणतात. स्पेन की मेक्सिको, यावर घरात दोन तट पडलेत... आणि निकाल म्हणे आजीने द्यायचा.

माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "राजूरला जा!" सगळे खो खो हसले. मीही हसले, पण ती नुसती थट्टा नव्हती...

कारण आम्ही खरंच गेलो होतो. स्पॅनिश बोलायला, अकोले तालुक्यातल्या राजूरला.

एकाहत्तर सालचा मे महिना असावा. आम्ही देवळाली प्रवऱ्याला राहायचो, आमचे वडील, अण्णा, साखर कारखान्यात केमिस्ट होते. मेक्सिकोतल्या एका कारखान्यात माणसं हवीत अशी जाहिरात त्यांनी पेपरात वाचली, अर्ज ठोकला आणि उत्तर यायच्या आधीच पुण्याहून स्पॅनिशचं पुस्तक मागवलं. बाजारात तुरी म्हणतात ना, तसलाच प्रकार...

मी दहा वर्षांची, धाकटी बहीण शैला सहाची. रोज संध्याकाळी परवचा झाला की स्पॅनिश. उच्चार सांगायला कोणी नव्हतं, तेव्हा अण्णा अक्षराला अक्षर जोडून वाचायचे आणि आम्ही त्यांच्या मागून.

एकदा त्यांनी शिकवलं, "एच, ए, वाय... हाय. हाय म्हणजे आहे." शैला हरखूनच गेली. "पानी हाय" म्हणणारी आमची सगळी गल्ली तिच्या हिशेबी स्पॅनिशच बोलत होती की!

मग कारखान्यातल्या एका अकोल्याच्या माणसाने बातमी आणली. राजूरजवळ डोंगरात मिशनचा एक दवाखाना आहे आणि तिथली नर्स सिस्टर थेट स्पेनची आहे. झालं... अण्णांनी जाहीर केलं, यंदा सुट्टीत राजूर.

पण मे महिना म्हणजे शेवगाव, आईचं माहेर. वर्षातून एकदाच तिला जायला मिळायचं, आणि आदल्या वर्षी शैलाला गोवर निघाल्यामुळे तेही हुकलेलं. आजीचं कार्ड आलं होतं, डोळे वाटेकडे लागलेत म्हणून.

आईने ते कार्ड दोनदा वाचलं, घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवलं आणि राजूरसाठी ट्रंक भरायला घेतली. ती भांडली नाही. तिने आदळआपट केली असती तर मला बरं वाटलं असतं...

एसटीने संगमनेर, अकोले करत राजूरला पोचलो. अण्णांच्या मित्राकडे उतरलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच दवाखान्यात हजर. सिस्टर एका म्हाताऱ्याच्या पायाला पट्टी बांधत होती. अण्णांनी खूण केली तशी आम्ही दोघी एका सुरात स्पॅनिशमधला सकाळचा नमस्कार ओरडलो, "बुएनोस डायस!"

तिचा हात पट्टीवरच थांबला. "पुन्यांदा म्हना," ती म्हणाली. आम्ही म्हटलं. "अजून येकदा..." आम्ही परत म्हटलं. इथे आल्यापासून नऊ वर्षांत तिला तिच्या भाषेत कोणी हाक मारली नव्हती, हे तिनेच नंतर सांगितलं.

डोंगरातल्या बायकांकडून ती मराठी शिकलेली, त्यामुळे बोलणं अस्सल राजूरचं. तिने आमचे सगळे उच्चार सोलून काढले. अण्णा वहीत लिहून घेत होते, कान लाल झालेले.

मग शैलाने आपला हुकमी शब्द काढला... हाय. सिस्टर हसली. "न्हाई गं बाय. एच नुस्ता लिवायचा, बोलायचा न्हाई. आय म्हनायचं, आय."

"आय म्हणजे तर आई!" शैला म्हणाली. आणि लगेच, "मग तुमची आय कुठंय?"

"नो आय," सिस्टर म्हणाली.

अर्थ सांगावा लागला नाही. दोन्ही भाषांत एकच होता. तिची आई आदल्या वर्षी गेली होती आणि ते कळवणारं पत्रच मुळी महिन्याने हातात पडलं होतं.

इतका वेळ बाकावर पाठ फिरवून बसलेली माझी आई उठली आणि तिच्याजवळ गेली. सिस्टरने तिला विचारलं, "तुमची हाय ना, बाई?" आई म्हणाली, "आहे. शेवगावला... वाट बघतेय." आणि घरी एक टिपूस न काढलेली आई तिथे सगळ्यांसमोर रडली.

सिस्टर अण्णांकडे वळली. "सायब, पोरींची भाषा कुटं पळून न्हाई चालली. उद्याच्याला सकाळची गाडी हाय. बाईला आदी माहेराला न्या."

अण्णांनी वही मिटली. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला आम्ही शेवगावात होतो. दारात आजीने आईचा चेहरा दोन्ही हातांत घेतला तो किती तरी वेळ सोडलाच नाही... त्या दोघींकडे बघताना अण्णा पहिल्यांदाच ओशाळलेले दिसले.

मेक्सिकोचं उत्तर कधीच आलं नाही. पण तेव्हापासून दर वर्षी माहेरहून परतलं की आई आजीच्या हातच्या शेवयांचा एक डबा राजूरला धाडायची. माहेरचा वानवळा प्रत्येक बाईला यावा, असं तिचं म्हणणं. पुढे सिस्टरची कुठे तरी बदली झाली आणि एका वर्षी डबा तसाच परत आला.

नातीला आता सांगितलंय, स्पेनलाच जा. पण नऊ वर्षं तिथून लांब राहिलेल्या त्या बाईला, तुमचं गाव कुठलं, एवढं विचारायचं आमच्यापैकी कोणालाच सुचलं नाही... नाहीतर एक डबा देऊन त्याच गावाला धाडलं असतं पोरीला.